नकाशातील रिकामी जागा आणि अभावाचे ज्ञान

गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३) हा ग्रंथ एम.ए.च्या वर्गात शिकवताना मी मुंबईच्या जुन्या नकाशांच्या काही छायाप्रती बरोबर नेतो. कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याला मुंबई परकी नसते. कुणाचा आजोबा, कुणाचा चुलता गिरणीत होता. पण ती मुंबई परळ-लालबागची असते, माडगावकरांची कोट-किल्ल्याची नसते. या दोहोंत काही दुवा जुळावा, एवढाच नकाशांमागचा हेतू. एका वर्षी एका विद्यार्थिनीने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नकाशाच्या प्रतीवर आपल्या आजोबांच्या गिरणीची जागा शोधली. तेथे दोन-चार वाड्यांच्या खुणा होत्या आणि पुढे कोरा कागद होता. तिने विचारले, "सर, इथे काही दाखवलेलं नाही. म्हणजे इथे काही नव्हतं, असं समजायचं का?"

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर पुरेसे नव्हते. 'नव्हते' आणि 'दाखवलेले नाही' यांतील अंतर वरवर पाहता किरकोळ वाटते; परंतु बंदराच्या या शहराचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातील कितीतरी व्यवहार या अंतराकडे दुर्लक्ष करूनच पार पडलेले आहेत. प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार करावयाचा आहे. प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे आणि त्याच वेळी नैतिकही आहे. कारण नकाशा वाचणारा केवळ वाचून थांबत नाही, तो त्या वाचनावर जमीन देतो, घेतो, भरतो, विकतो.

भाषिक विधान आणि नकाशा यांत एक मूलभूत भेद आहे. भाषेला नकार देता येतो; 'येथे वस्ती नाही' असे वाक्य कुणीतरी लिहितो आणि त्या वाक्याची जबाबदारी त्याच्यावर येते. नकाशाजवळ नकाराचे चिन्ह नाही. तो फक्त 'आहे' म्हणू शकतो. जेथे तो काही म्हणत नाही तेथे नकार वाचकच वाचतो, आणि तो नकाशाच्या नावावर जमा करतो. त्यामुळे नकाशातील असत्य पकडणे अवघड असते. खोटे विधान सापडते. न केलेले विधान सापडत नाही.

आपल्याकडील दर्शनपरंपरेने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. कुमारिल भट्टाच्या अनुयायी मीमांसकांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. 'भूतलावर घट नाही' हे ज्ञान आपल्याला कसे होते? घट दिसत नाही म्हणून. नैयायिकांना हे प्रमाण स्वतंत्र वाटत नाही आणि बौद्ध तार्किक त्याचा अंतर्भाव अनुमानात करतात. तो वाद येथे बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती अनुपलब्धीला घातलेली अट. अनुपलब्धी 'योग्य' असावी लागते. म्हणजे घट तेथे असता तर तो मला दिसलाच असता, अशी स्थिती असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर घट नाही असे म्हणण्याचा अधिकार मला मिळत नाही. पिशाच दिसत नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण ते दिसण्याजोगेच मानलेले नाही. अभावाचे ज्ञान ज्याला हवे, त्याने आधी आपल्या पाहण्याची परीक्षा करावी, असा या अटीचा अर्थ आहे.

ही अट नकाशाला लावली तर विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे रूप पालटते. त्या जागी काही होते की नाही, हे नकाशा सांगत नाही. त्या नकाशाची दृष्टी अशी होती का, की तेथे काही असते तर तिला ते दिसलेच असते, हा विचारण्याचा प्रश्न आहे.

मुंबईच्या नकाशांचा इतिहास एका हरवलेल्या नकाशापासून सुरू होतो, हे या दृष्टीने सूचक आहे. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. इंग्रजांचे म्हणणे असे, की त्यांना दाखवलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणे हेही मुंबईतच मोडत होते. गोव्याचे व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द कास्त्रु यांनी हे मानले नाही आणि प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. १६६८ मध्ये राजाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवले. ज्या नकाशावरून वाद झाला तो नकाशा मात्र पुढे कोणाच्या हाती लागला नाही. दोन राजसत्ता ज्या भूमीविषयी भांडत होत्या, ती त्यांतील एकीने कागदावरच पाहिलेली होती. आणि त्या भांडणात या भूमीवरचे कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, पाठारे प्रभू हे पक्षकार नव्हते. त्यांची गावे, वतने आणि घराणी यांचा आराखडा निराळ्या प्रकारच्या कागदावर होता. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' हा तसा एक कागद. तिच्यात भूमी रेषांनी येत नाही, नात्यांनी येते. कोण कोठून आला, कोणाला कोणते गाव मिळाले, या क्रमाने उत्तर कोकणाचा प्रदेश उभा राहतो. तिची साक्ष निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. बखरीलाही आपले पक्षपात असतात. पण तिची दृष्टी माणसांना पाहण्यास 'योग्य' आहे.

आता सात बेटांचा विचार करू. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे सुटी दाखवणारा नकाशा आपण शालेय पुस्तकापासून पाहत आलो आहोत. हा नकाशा पाहिला की कुणीतरी सतराव्या शतकात होडीतून फिरून तो काढला असावा असे वाटते. प्रत्यक्षात ती नंतरच्या अभ्यासकांनी केलेली पुनर्रचना आहे. विवाहकरारात उल्लेख आहे तो 'बंदर आणि बेट' असा, एकवचनी. १६७० च्या दशकात येथे राहिलेल्या जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या पुस्तकातही मुंबई हे एक बेट आहे, ज्याचा बराच भाग समुद्राने व्यापला आहे. १८३० च्या दशकात आर. एक्स. मर्फी याने मुंबई जिऑग्राफिकल सोसायटीपुढे जो निबंध मांडला, त्यात ही भूमी पूर्वी दोन किंवा अधिक वेगवेगळ्या बेटांची असावी, हे त्याला युक्तिवादाने पटवून द्यावे लागले. आकडा सातावर स्थिरावला तो त्यानंतर.

म्हणजे सात बेटे खोटी का? तसे नाही. भरतीला पाणी आत येई तेव्हा जमिनीचे तुकडे सुटे होत, ओहोटीला लोक चिखलातून चालत जात. पायधुनी आणि उमरखाडी ही नावे त्या पाण्याची साक्ष आजही देतात. खाडी ओलांडून आल्यावर जेथे पाय धुवायचे ती पायधुनी, अशी तिची लोकव्युत्पत्ती आहे. दिवसातून दोनदा बेट होणारी आणि दोनदा बेट न राहणारी ही भूमी होती. नकाशाची रेषा मात्र एकदाच काढता येते. (पूररेषेवरून दर पावसाळ्यात ज्या गावात वाद पेटतो, त्या आमच्या पंचगंगाकाठच्या गावात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.) सात बेटांच्या नकाशाने ओहोटी पुसून टाकली आणि कायमची भरती दाखवली. त्यातून जी कथा तयार झाली ती आपण सर्वांनी आनंदाने स्वीकारली आहे. आरंभी पाणी आणि दलदल होती, मग इंग्रज आले आणि शहर झाले. रिकामेपण हा या कथेचा पहिला अध्याय आहे. तो नसेल तर कथा चालत नाही.

याउलट कंपनीच्या सतराव्या शतकातील पत्रव्यवहारात याच खाजणांना 'बुडालेली जमीन' म्हटले जाई. शब्दाची गंमत पाहण्यासारखी आहे. जमीन बुडालेली आहे, म्हणजे मूळची ती जमीनच आहे; पाणी उपरे आहे आणि त्याला घालवणे म्हणजे आपलेच परत मिळवणे. त्या पाण्यात मासेमारी करणारा, मीठ पिकवणारा मनुष्य या शब्दात मावत नाही. भराव घालण्याच्या कितीतरी आधी भराव शब्दात घातला गेला होता.

१७८० च्या दशकाच्या आरंभी, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, वरळी आणि महालक्ष्मी यांमधील मोठे खिंडार बांध घालून बंद करण्यात आले. नकाशावर ही एक सरळ रेषा आहे. कथेत मात्र रामजी शिवजी हा पाठारे प्रभू आहे, बांध पुनःपुन्हा खचतो, देवी स्वप्नात येते, समुद्रातून मूर्ती निघतात आणि मग बांध टिकतो. या कथेला ऐतिहासिक प्रमाण म्हणून कुणी उभे करू नये. पण बांध खचला होता, कुणीतरी तो पुन्हा घातला होता आणि त्या कुणालातरी नाव होते, एवढे ज्ञान ती कथा जपते. रेषा श्रम लपवते. ते तिच्या स्वभावातच आहे.

बांधाच्या आत जी खारी जमीन उघडी पडली, ती 'फोरस' नावाच्या अल्प खंडावर लागवडीस दिली गेली. फोरस रोड हे नाव त्यातलेच. याच सखल भागात कामाठी मजुरांची वस्ती झाली आणि कामाठीपुरा हे नाव पडले. शहर ज्यांनी उभे केले ते मजूर नकाशावर आले ते एका वस्तीचे नाव म्हणून. पुढे बऱ्याच काळाने हाच परिसर मराठी कवितेत आला तो नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) मधून. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी या प्रदेशासाठी 'नो मॅन्स लँड' ही संज्ञा योजली. पांढरपेशा जगाच्या हिशेबाने, हा खुलासा त्यांनी तेथेच केला आहे, आणि तेंडुलकरांसारख्या लेखकाला त्यातला उपरोध ठाऊक नसेल हे संभवत नाही. तरीही आपल्या समीक्षेने पुढे ही संज्ञा वापरली ती बहुधा तो खुलासा गाळून. मुंबईतल्या अत्यंत दाट वस्तीच्या एका भागाला निर्मनुष्य म्हणता येते, आणि ते म्हणताना कुणाला अडखळायला होत नाही, हे कशाचे लक्षण मानायचे? मराठी साहित्याचाही एक नकाशा होता आणि त्यातही कोरा कागद होता. त्या कागदावरून 'तेथे साहित्य नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी अनुपलब्धीची योग्यता तपासली नव्हती.

येथे एक आक्षेप संभवतो. नकाशातील मौन हे सत्तेचे कृत्य आहे, ही मांडणी जे. बी. हार्ली या अभ्यासकाने १९८८-८९ च्या सुमारास केली आणि तेव्हापासून ती जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. मग अनुपलब्धीच्या जुन्या शास्त्राकडे जाण्याची आवश्यकता काय? मला असे वाटते, की हार्लीच्या मांडणीने आपली एक सोय करून दिली आणि सोयीमुळे विचार थोडा आळशी झाला. प्रत्येक कोऱ्या जागेमागे हेतू गृहीत धरला की नकाशा वाचण्याची गरजच उरत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. वस्तुतः कोऱ्या जागा एका जातीच्या नसतात. समुद्रावरून येणाऱ्या खलाशाच्या नकाशात पाण्याची खोली वाव मोजून दिलेली असते आणि किनाऱ्यामागची भूमी रिकामी असते, कारण त्याला जहाज लावायचे असते, शेत नांगरायचे नसते. १८१२ ते १८२७ या काळात कॅप्टन डिकिन्सन आणि त्यानंतर टेट यांनी केलेली मुंबईची मोजणी महसुली होती. कंपनीचा जमिनीवरचा हक्क आणि येणे ठरवणे हा तिचा हेतू. भातखाचर कोणाचे, कोणत्या धारापद्धतीचे, हे तिला दिसलेच असते. खाचरात राबणारा कोण, हे दिसण्याचे कारण नव्हते. म्हणून त्या मोजणीत शेत नसेल तर तेथे कर देणारे शेत नव्हते असे म्हणता येते. माणूस नसेल तर माणूस नव्हता असे म्हणता येत नाही. एकाच कागदावर एक अनुपलब्धी योग्य आहे आणि दुसरी अयोग्य. हा विवेक 'सर्व नकाशे सत्तेचे असतात' या वाक्यात हरवतो.

दोष मोजणीदाराचा नाही, असेही यातून निष्पन्न होते, निदान नेहमी नाही. आपला नकाशा कशासाठी आहे हे तो बहुधा प्रामाणिकपणे सांगतो. अपराध घडतो तो एका कामासाठी काढलेला नकाशा दुसऱ्या कामासाठी वाचला जातो तेव्हा.

माडगावकरांचे पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा ओसंडत होता, कोटाच्या भिंती पाडण्याचे काम निघाले होते आणि समुद्र हटवण्यासाठी कंपन्यांचे शेअर विकले जात होते. १८६५ मध्ये तो फुगा फुटला. त्याच वर्षी लॉटनची शहरमोजणी सुरू झाली आणि १८७२ पर्यंत चालली. त्यानंतर १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक असा बंदराचा विस्तार होत गेला. लॉटनच्या मोजणीची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. माडगावकरांच्या वर्णनाला ती सूक्ष्मता नाही. परंतु त्यांच्या गद्याजवळ एक शब्द आहे जो लॉटनजवळ नाही: 'पूर्वी'. पूर्वी येथे अमुक होते, आता तमुक झाले, या चालीने त्यांचे वर्णन पुढे सरकते आणि वाचक एकाच जागी दोन काळांत उभा राहतो. भूतकाळ हे व्याकरणाने माणसाला दिलेले मोठे साधन आहे. ज्या नकाशाला ते नसते, त्याच्या शेजारी असे पुस्तक ठेवावे लागते. वर्गात मी दोन्ही का नेतो, याचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले.

हा सगळा विचार केवळ पुराणवस्तूंच्या आवडीतून केलेला नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरवली. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची, आणि गिरणीची इमारत पाडून जी जमीन मोकळी होईल ती या हिशेबात धरायची नाही, असा तिचा अर्थ लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वाटणीला येणारी जमीन त्यामुळे फारच थोडी उरली.

येथे 'रिकामे' या शब्दाने किती सहजपणे बाजू बदलली ते पाहावे. जेथे कोळ्यांची किंवा शेतकऱ्यांची भूमी हवी होती तेथे ती रिकामी होती, म्हणून घेता आली. उरण-पनवेलच्या ज्या शेतकऱ्यांनी नव्या शहरासाठी आणि बंदरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी आंदोलन केले, त्यांच्यावर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला आणि पाच जण मरण पावले; न्हावा-शेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. आणि जेथे गिरणी पाडून डोळ्यांदेखत मैदान झाले होते, तेथे ते मैदान रिकामे नव्हते, म्हणून देता आले नाही. एका ठिकाणी असलेले दिसले नाही, दुसऱ्या ठिकाणी नसलेले दिसले. पिशाचाचे उदाहरण मीमांसकांनी सहज म्हणून दिलेले नसावे.

समुद्राची गोष्ट याहून अवघड आहे. जमिनीच्या नकाशात समुद्र निळा आणि अखंड असतो. वरळीच्या कोळ्यांना त्यात खडक, गाळ, प्रवाह, जाळी लावण्याच्या जागा आणि होड्यांची वाट दिसते. डोल जाळ्यांच्या खुंटांच्या जागांवर तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क चालत आलेला असतो. किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवण्याची योजना होती, तेव्हा तेवढ्या अंतरातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, हे त्यांनी सांगितले. बराच काळ काम अडवले गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर अंतर मान्य झाले. कोळ्यांची मागणी याहून अधिकची होती. तरीही निळ्या रंगात एक वाट आहे, एवढे मान्य करणे भाग पडले. ते नकाशातून कळले नाही. सांगणारे लोक तेथे हजर होते म्हणून कळले.

ती विद्यार्थिनी पुढे सुट्टीत गावी गेली तेव्हा तिने आजोबांकडून लालबागचा एक नकाशा काढून घेतला. वहीच्या दुहेरी पानावर, बॉलपेनने. गिरणीचा दरवाजा, भोंग्याची चिमणी, चाळ, खाणावळ, गणपतीचा मांडव, गावाकडची माणसे उतरायची ती खोली. बंदराच्या शहराच्या त्या नकाशात समुद्र कुठेच नव्हता. वर्गातल्या मुलांना तो फार आवडला आणि मलाही. हा खरा नकाशा, असे कुणीतरी म्हणाले. मी तिला विचारले, की गिरणीत वाइंडिंग खाते असे, तेथे बायका काम करीत. ते यात कोठे आहे? तिने पुढच्या खेपेला आजोबांना विचारले. ते म्हणाले, "होतं की. पण तिकडे आम्हाला जावं लागत नसे."